कडेला लागला की नाही?

मी सिमेंटचा ओटा बोलतोय. नवखा माणूस मला कपडे धुवायची जागा समजतो आणि मनातल्या मनात मी खवळतो. अहो, मी टेबल टेनिसचं टेबल आहे! चीनमधल्या वूशी शहरातल्या जुन्या सूतगिरणीच्या चाळीसमोर उभा आहे. जाळी नाही, तिच्या जागी विटांची रांग. एक कोपरा उडालाय.

माझं कूळ मात्र थेट विलायतेतलं. जेवणं झाली, पोटं भरली, आता करायचं काय, असा तिथल्या साहेब-मडमांना प्रश्न पडायचा. मग जेवणाच्याच टेबलावर मधोमध पुस्तकं उभी करायची, सिगारच्या डब्याचं झाकण हातात घ्यायचं आणि बाटलीचं बूच टोलवायचं. पुस्तकांचा इतका उपयोग त्या घरांत एरवी झाला असेल असं वाटत नाही. पुढे हलका पोकळ चेंडू आला आणि त्याच्या आवाजावरून खेळ पिंग-पाँग झाला. देशोदेशींच्या संघटना एकत्र आल्या, त्यांनी ‘टेबल टेनिस’ असं भारदस्त नाव ठेवलं. हंगेरीवाल्यांनी चषकांवर चषक नेले. जपान्यांनी बॅटला स्पंज चिकटवून सगळ्यांची झोप उडवली.

मग आम्ही! आमचा माणूस जगज्जेता झाला आणि गावोगावी, शाळेशाळेत माझी भावंडं ओतली गेली. अमेरिकेशी आमचा अबोला होता, तोही आधी खेळाडूंनी मोडला आणि मग पुढाऱ्यांनी. खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. मी आहे तिथेच राहिलो.

गिरणी बंद पडली. पोरं आता दिव्यांच्या झगमगाटात, लाकडी टेबलांवर शिकवणी लावून खेळतात. माझ्याकडे रोज येणारे दोनच जण उरले, हानकाका आणि त्साओकाका. दोघंही गिरणीतले, दोघंही लेखणीसारखी बॅट धरणारे, आणि भांडणात दोघंही सारखेच तरबेज.

गेल्या हिवाळ्यात लकव्याने हानकाकांची उजवी बाजू गेली. पाय सावरला, हात नाही. जिन्याखाली यायचं नाव घेईनात. भिंतीकडे तोंड करून पडतात, ताटही तसंच परत येतं, असं त्यांची बायको युएलानकाकू सांगायच्या. शेवटी त्यांनीच डाव्या हातात बॅट कोंबून नवऱ्याला खाली आणलं. काकांनी येता येताच बजावलं, दया म्हणून कुणी एक जरी गुण सोडला, तर मी वर जाईन तो परत उतरणार नाही.

आता गंमत अशी की आमच्याकडे रीतच आहे, अकरा गुणांच्या डावात दहा-शून्य झालं की पुढे असलेल्याने समोरच्याला एक गुण सोडायचा. कुणाला कोरं घरी पाठवायचं नाही. मुद्दाम चेंडू विटांवर मारायचा आणि चुकल्यासारखं तोंड करायचं.

आणि झालं दहा-शून्य, त्साओकाका पुढे. सर्व्हिस त्साओकाकांची. घाम त्यांना फुटला होता, हरणारा निवांत होता. त्यांनी बेताचा चेंडू टाकला. हानकाकांनी डाव्या हाताने जीव खाऊन मारला. चेंडू विटांवरून गेला, माझ्या उडालेल्या कोपऱ्यापाशी खाली पडला. कडेला नुसता चाटून गेला तरी गुण मारणाऱ्याचा, नाही तर डाव खलास.

“कडेला लागला. एक तुझा,” त्साओकाका म्हणाले.

“नाही लागला. संपला डाव.”

“चष्मा लावूनही तुला चहातली माशी दिसत नाही. कड बरी दिसली?”

“उपकार नकोत मला, म्हाताऱ्या.”

एरवी हे दोघं एकेका गुणासाठी एकमेकांना ओरबाडायचे. आज तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडत होते. काकू थर्मास हातात धरून तशाच उभ्या. जिन्यावर माणसं जमली.

त्साओकाकांनी बॅट माझ्यावर आपटली. “गिरणीत असताना न लागलेला चेंडू लागला म्हणून माझी कॉलर धरायचास. आज लागलाय तर नको? मग सगळ्यांसमोर सांग, त्साओ खोटारडा आहे. सांग. मीही उद्यापासून येत नाही.”

हानकाकांनी माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग त्साओकाकांच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे. मित्राला खोटारडा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कडेवरचा गुण म्हणजे नशिबाचा. तो मिळाला की माफ कर म्हणून हात वर करायचा, हीसुद्धा आमची रीत. काकांच्या डाव्या हातात बॅट होती. त्यांनी उजवा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. काकूंनी तोंड फिरवलं. मला फार बरं वाटलं.

पुढचाच चेंडू त्साओकाकांनी असा ठोकला की तो माझ्यावर टप्पा घेऊन थेट सायकलींमध्ये गेला. अकरा-एक. “हरलास,” ते म्हणाले आणि चहा मागू लागले.

दुसऱ्या दिवशी हानकाका सगळ्यांच्या आधी उतरले. बाहीने मला पुसून विटा लावत बसले.

कधी या बाजूला आलात तर माझ्यावर एक डाव जरूर खेळा. फक्त एवढं करा, मी आता सांगतोय ते हानकाकांच्या कानावर घालू नका. तो चेंडू मला लागला नव्हता.