निळी की हिरवी?

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची! माणसाएवढी उंच, पोटात टीव्ही, कमरेशी एक दांडा आणि चार बटणं. कारखान्यात प्लायवुडपासून माझा जन्म झाला आणि तिथेच मला रंग फवारला. कोणता, ते आत्ता विचारू नका. त्यावरूनच तर पुढे सगळं महाभारत झालं.

एका सायकलवाल्याने मला विकत घेतलं. दुकान आणि मागचं घर यांच्यामधल्या दारात माझी जागा होती. डावं अंग दुकानाकडे, उजवं घराकडे. खेळायला येणाऱ्यांचं लक्ष फक्त पडद्यावर. शेजारी कुणी चक्कर येऊन पडलं असतं, तरी ते म्हणाले असते, "थांब जरा, एवढा डाव संपू दे."

पुढे घरोघरी गेम आले आणि माझी सद्दी संपली. मालकाने मला तपकिरी रंग फासला आणि माझ्या पोटाखाली पाने, चेनी, पंक्चरचं सामान कोंबलं. राणीची मोलकरीण झाले म्हणा ना!

मालक गेले. दुकान बंद झालं. त्यांच्या मुलीने आईला आपल्या घरी राहायला बोलावलं, तर आई म्हणाली, "पेटी येणार असेल तरच मी येणार."

"बरं बाई," मुलगी म्हणाली, "मग होती तशी रंगवूनच नेऊ."

'होती तशी' हे दोन शब्द फार महागात पडले.

मुलगी दातांची डॉक्टर. थोरला भाऊ छापखान्यात. दोघं पॉलिश पेपर घेऊन बसले, भाऊ डावीकडे, बहीण उजवीकडे. तपकिरी थर निघाला आणि डावीकडून हाक आली, "निळी! मी म्हटलं नव्हतं?"

"कसली निळी? हिरवी आहे," उजवीकडून उत्तर.

दोघांनी एकमेकांची बाजू येऊन पाहिली. मला वाटलं, आता उजेड पडेल. पण शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही.

"हा निळाच आहे. वरचं वार्निश पिवळं पडलं म्हणून हिरवा दिसतोय," भाऊ म्हणाला. "वीस वर्षं शाई कालवतोय मी."

"आणि तुझ्या बाजूला ऊन लागून पिवळा उडालाय, म्हणून निळा दिसतोय. मी रोज दातांच्या शेड जुळवते, दादा. मला शिकवू नकोस."

दोघांनी आपापल्या बाजूचा एकेक टवका काढून रंगाच्या दुकानात नेला. दुकानदाराने दोन्ही टवके उजेडात धरले, दोन डबे कालवून दिले आणि म्हणाला, "रंग जुळले. आता तुमचं तुम्ही जुळवा."

ते काही जुळलं नाही. शब्दाला शब्द वाढला. बालपणीच्या सगळ्या खोड्या उकरून झाल्या. शेवटी भावाने ब्रश आपटला. "घाल ती पेटी भंगारात!"

माझे स्क्रूच ढिले झाले. आठवडाभर दोघांचा अबोला. मी अर्धी खरवडलेली, खरूज झाल्यासारखी उभी. इकडे आईचं सामान बांधून तयार, पण ती जागची हलेना.

अखेर तिनेच दोघांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली.

"आई, आता तूच सांग," मुलगी म्हणाली. "निळी की हिरवी?"

आईने पदराआड तोंड लपवलं. मला वाटलं रडतेय. छे! खुदखुदत होती.

"दोन्ही," ती म्हणाली. "नवीकोरी पेटी आली आणि चारच दिवसांत तुमचे बाबा परगावी गेले. झाडायला म्हणून मी एकटीनेच सरकवली, तर चौकटीला घासून एवढा मोठा ओरखडा! घाबरले. खिडक्यांचा हिरवा रंग उरला होता. ती बाजूच रंगवून टाकली."

"आणि बाबांना कळलंच नाही?"

"मी केस कापले तरी त्यांना आठवड्याने कळायचं!"

दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसले.

आता आईलाही ठाऊक नसलेली गोष्ट तुमच्या कानात सांगते. मला तपकिरी रंग द्यायला मालक बसले, तेव्हा हिरव्या बाजूवर त्यांचा हात थांबला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "अस्सं होय, बाईसाहेब," असं पुटपुटले आणि गालातल्या गालात हसत ब्रश फिरवला. घरात मात्र अवाक्षर काढलं नाही.

आता मी मुलीच्या घरात खिडकीपाशी असते. एक अंग निळं, एक हिरवं. आई सकाळी चहा घेऊन येते आणि दांडा असा पिरगाळते की माझी हाडं वाजतात. खेळ तिला अजून धड येत नाही. हरली की मला चापट मारते.

एवढीच विनंती, रंग वाळला का ते बोट लावून पाहू नका. समोरच्या फळीवर एक ठसा उमटलाय. भाऊ म्हणतो बहिणीचा, बहीण म्हणते भावाचा. आई चहात बघत गप्प बसते, आणि मीही.