साक्षीदार आणि माझी सासू

रात्रभर पाऊस झोडपून गेला आणि सकाळी माझी सासू चिखलात उभी राहून गात होती. मी हातातलं घमेलं आपटलं.

"आई, बास करा की! लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय जातंय म्हणायला? त्यांच्या जिभा कुठं भिजल्यात?"

अंगणापलीकडं आमच्या कच्च्या विटा वाळत घातलेल्या होत्या. म्हणजे काल होत्या. आज नुसता लगदा. माती खणायची, भिजवायची, पायानं तुडवायची, साच्यात दाबून एकेक वीट थापायची, कंबरेचे टाके ढिले होईस्तोवर. भट्टी रचायला चार दिवस उरले होते आणि हा अवकाळी आला. ताडपत्री एकच, ती वाऱ्यानं उचलून शेजारच्या कुंपणावर नेऊन टाकलेली.

"तुमचं डोकं तरी ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं.

"डोकं आहे. विटा नाहीत," ती म्हणाली. फावडं लगद्यात घातलं आणि परत सूर लावला. सूर कसला! रिकाम्या डब्यात खडे टाकून हलवावे तसा आवाज तिचा. पण देवाचं गीत म्हणायचं म्हटलं की हिला ना लाज, ना वेळकाळ.

माझा नवरा गेला तेव्हाही ती गायली होती. मातीच्या खड्ड्याची दरड त्याच्या अंगावर आली. बाहेर काढला तोवर सगळं संपलेलं. तिचा एकुलता एक पोरगा. कबरीपाशी ती धाय मोकलून रडली आणि त्याच तोंडानं गायली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी मनात म्हटलं, ही बाई आहे की दगड? त्या दिवसापासून मी त्या खड्ड्यात पाय ठेवला नव्हता. माती तीच खणायची, एकटी. मी वर विटा थापायचे.

तर आमचं असं जुंपलेलं असताना साक्षीदार आला.

साक्षीदार म्हणजे गावातला मोठा बागायतदार, प्रार्थनाघरातल्या पंचांपैकी एक. दर रविवारी उपासनेत उभा राहायचा, छातीवर हात ठेवायचा आणि साक्ष द्यायचा. "मंडळी, माझं मन प्रभूच्या आनंदानं कसं काठोकाठ भरलंय!" भरणारच. कोठारं भरलेली, विहीर भरलेली, मन तेवढं रिकामं ठेवून काय करणार? म्हणून पाठीमागं त्याला सगळे साक्षीदार म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांची तर नाहीच, त्यांच्या घरी धान्य याच्याच कोठारातनं जायचं.

त्याच्या नव्या घराला आमच्याच विटा लागणार होत्या. पँट वर दुमडून, चिखल चुकवत आला. चेहरा असा, की कुणाच्या तरी मयताला आलाय.

"अरेरे! आधी पोरगा, आता विटा. बाई, राग मानू नका, पण घरात काही लपलेलं पाप आहे का ते शोधा. उगाच नाही देव असा हात उगारत."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सासू फावड्याला टेकून त्याच्याकडं बघत राहिली.

"शोधते," ती म्हणाली. "आणखी काही?"

"विटा मी दुसरीकडनं घेईन. घराचं काम थांबवून चालणार नाही. तुम्ही मात्र आनंद सोडू नका हं."

"आनंदाला काय होतंय. तुम्ही आपले जपून जा, पुढं निसरडं आहे."

तो जपून गेला आणि आमच्या फाटकापाशीच आपटला. मी तोंडात पदर कोंबला.

पण दुष्काळात तेरावा महिना काय एकट्या आमच्याच घरी आला होता? साक्षीदाराचा गहू कापून शेतात रचलेला. पाऊस लागून राहिला तसा तो आत तापला, कुबट वास मारायला लागला, आणि पेंढ्यांमधनं हिरवे कोंब वर आले. सबंध शेताचं पीक जनावरांच्या तोंडी घालायच्याही लायकीचं उरलं नाही.

रविवारी साक्षीदाराची जागा मोकळी. पाळकसाहेबांनी त्या मोकळ्या जागेकडं बघतच उपासना सुरू केली. "एवढं मोठं संकट आलंय," म्हणाले, "आज गीत नको, शांत बसू." मला हसू आलं. आमच्या विटा विरघळल्या तेव्हा संकट लहान होतं वाटतं!

शांत बसतील ते दुसरे. सासू उठली. नखांत माती, टाचा चिरलेल्या. उभी राहून एकटीनंच गीत सुरू केलं. पहिल्याच ओळीला सूर निसटला, दुसरीला शब्द विसरली, तिसरीला परत पहिली ओळ म्हणाली. मागं खुसखुस झाली. "म्हातारी फिरली," कुणीतरी म्हणालं. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं. ती मात्र शेवटपर्यंत म्हणून, नाक पुसून, खाली बसली.

आठवड्यानं साक्षीदाराची बायको आमच्या दारात. इतकी वर्षं ही बाई आमच्या अंगणात पाय ठेवायची नाही, चपलेला माती लागते म्हणून.

"वहिनी, जरा येता का? हे जेवत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडलेत. प्रार्थनेचं नाव काढलं की ताट भिरकावतात."

सासूनं हात धुतले. मीही निघाले. खरं सांगते, मला तो तमाशा बघायचा होता.

साक्षीदार पलंगावर पडलेला, दाढी वाढलेली. सासू स्टूल ओढून बसली.

"काय रे, काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? देवानं माझ्याशी असं करावं? एवढी वर्षं मी त्याची साक्ष दिली!"

"त्याची दिलीस का गव्हाची?"

तो उठून बसला.

"नाही, विचारते आपली," सासू म्हणाली. "शेत भरलं होतं तेव्हा खूश होतास, ते देवावर का शेतावर? देवावर असशील तर तो काही भिजला नाही. कोंबही फुटले नाहीत त्याला."

"तुला बोलायला काय जातंय?" तो ओरडला. "तुझं गेलंय काय? चिखल होता, चिखल झाला!"

माझा तोल सुटला. "काय गेलंय? यांचा पोरगा गेला! तुम्हीच आला होतात ना पाप शोधायला सांगायला? शोधलं आम्ही. घरात सापडलं नाही. तुमच्या इथं बघा."

त्याची बायको दाराआड सरकली. सासूनं माझा हात दाबला आणि हळू आवाजात बोलली.

"बाबा रे, मी रोज त्याच खड्ड्यात उतरते. पोर जिथं दबला तिथलीच माती काढते. पहिले काही महिने खाली उतरले की देवाला शिव्या द्यायचे. साध्या नाहीत, तू ऐकल्या असत्यास तर मला मंडळीतनं काढलं असतंस. पण तो उठून गेला नाही. मी घसा बसेस्तोवर बोलले, तरी तिथंच. मग माझ्या ध्यानात आलं. पोर गेला, विटा जातील, उद्या हातपायही जातील. हा काही जात नाही. एवढं कळल्यावर गाणं येतं, बाबा. रडणं थांबत नाही, पण गाणंही थांबत नाही. मी तरी काय करू?"

मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. एका छपराखाली राहून मी तिला दगड समजत होते.

आता तुम्हाला वाटेल, साक्षीदार ढसाढसा रडला आणि बदलला. कुठलं! पालथ्या घड्यावर पाणी. तो परत भिंतीकडं वळला. "दार ओढून घ्या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासूच्या आधी मी टोपली उचलली आणि खड्ड्यात उतरले. दरड पडली ती कड अजून तशीच, ओरबाडल्यासारखी. मी बोलायला सुरुवात केली. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. माझ्या नवऱ्याचं, माझ्या रिकाम्या कुशीचं, सगळं काढलं. माहेरी ऐकलेल्या होत्या नव्हत्या त्या शिव्या त्या दिवशी संपल्या. सासू वर काठावर येऊन बसली.

मी थकले. मग खूप शांत वाटलं. कुणी समोरून उठून गेल्यावर खोली रिकामी होते, तशी नव्हती ती शांतता. भरलेली होती. मी टोपलीभर माती वर दिली, ती तिनं घेतली. ही टोपली ओली जास्त आहे, म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी परत विटा थापल्या, भट्टी लावली. साक्षीदारानं दुसरीकडनं आणलेल्या विटा निम्म्या फुटल्या, तेव्हा गुपचूप गडी पाठवून आमच्याच नेल्या.

पुढच्या सालाला पीक असं आलं की शेतात माणूस दिसेना. पहिल्याच रविवारी साक्षीदार हजर. कडक इस्त्री, गुळगुळीत दाढी. उभा राहिला, छातीवर हात.

"मंडळी, गेलं वर्ष कठीण गेलं. सगळं हातचं गेलं. पण देवाला साक्षी ठेवून सांगतो, या हृदयातला आनंद एक दिवस, एक क्षणसुद्धा हलला नाही!"

"आमेन!" पाळकसाहेब म्हणाले. "आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. त्याची बायको जमिनीकडं बघत होती.

मी ओठ चावून धरले. सासूनं गप्प बस म्हणून मला चिमटा काढला. मग माझ्या लक्षात आलं, बाक हलतोय. बघते तर तीच गदगदा हलत होती, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मग काय, दोघींच्या हसण्याचा बांध फुटला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत घेतलं, तरी आमचा आवाज त्यातनं ऐकू येत होता.

बाहेर साक्षीदारानं वाट अडवली. चेहरा लालबुंद.

"शोभतं का हे? देवाच्या घरात हसता?"

सासूनं डोळे पुसले, पदर सारखा केला.

"मग कुठं हसायचं, दादा? तुमच्या घरात?"