सौहार्द सोहळ्याचा दोर

मी दोर बोलतोय. तागाचा, तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीत शिरलात की उजव्या हाताला, प्राचार्यांच्या दालनाबाहेर, एका काचेच्या पेटीत मला वेटोळं करून ठेवलंय. वरून छोटा दिवा सोडलाय. येणारे-जाणारे थबकतात, खालची पितळी पाटी वाचतात, "अच्छा" म्हणतात आणि पाटीच्या चकाकीत केस नीट करून पुढे जातात. त्या पाटीवर लिहिलंय ते धादांत खोटं आहे. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक बाप आणि त्याच्या दोन मुली दोर वळायचे. मुली चाक फिरवायच्या, बाप पेड धरून उलटा चालत जायचा, आणि तिघांचं भांडण अखंड चालू असायचं. माझ्यातला निम्मा पीळ त्या भांडणाचा असावा. शेवटी बापाने मला दगडाला बांधून हिसका दिला, मी तुटलो नाही, आणि तो मुलींना म्हणाला, "बघा, तुमच्यापेक्षा ऐकणारा निघाला."

मला विकत घेतलं ते महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनी. मुलं त्यांना शिट्टी सर म्हणायची, कारण ते बोलण्याआधी शिट्टी वाजवायचे आणि बोलून झाल्यावरही वाजवायचे. त्यांनी माझ्या मध्यावर लाल फडकं बांधलं, आणि मी रस्सीखेचीचा दोर झालो.

रस्सीखेचीत माणसं फार छान कळतात. पुढचे तीन-चार जण तोंडं वेडीवाकडी करतात, कारण फोटो त्यांचे निघतात. ओढतात ते मागचे. अगदी शेवटी, ज्याच्या कमरेला मला गुंडाळतात तो जाडजूड मुलगा, त्याच्या जिवावर संघ जिंकतो; आणि जिंकल्यावर त्याला सोडून बाकी सगळ्यांना खांद्यावर घेतात. प्राध्यापकांचा सामना तर बघण्यासारखा असायचा. इतिहासवाले आणि अर्थशास्त्रवाले समोरासमोर आले की दोन्हीकडून "ओढा, ओढा" असा गजर, आणि मी मधे निवांत, सैल. प्रत्येकाची खात्री, की बाकीचे ओढतायत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की परिसर रिकामा व्हायचा. गाड्या यायच्या, आईबाप उतरायचे, पोरांच्या खोल्या बघून डोक्याला हात लावायचे आणि सामानासकट पोरं घेऊन जायचे. मागे उरायचे ते ज्यांना जायला जागा नाही असे. एरवी मीही सामानघरात, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या संगतीत पडून असायचो. पण त्या उन्हाळ्यात मला बाहेर काढलं ते ताईने.

ताई म्हणजे वाळवीवर संशोधन करणारी. वसतिगृहातल्या सगळ्यांत मोठी, म्हणून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेलं पोर तिला ताईच म्हणायचं. तिच्या गावाकडे जाणारा रस्ता दोन सैन्यांनी अडवला होता. आई फोनवर एका दमात दोन वाक्यं सांगायची: इथे सगळं ठीक आहे, आणि तू येऊ नकोस.

"सर, तो जाड दोर द्या ना," ती शिट्टी सरांना म्हणाली. "कपडे वाळत घालायचेत. आमची दोरी रोज तुटते."

"स्पर्धेचा दोर आहे तो."

"मग आमचे कपडे काय हलके आहेत?"

सरांनी शिट्टी वाजवली. तिचा अर्थ 'न्या' असा होता.

अशा तऱ्हेने मी वसतिगृहामागे दोन झाडांना बांधला गेलो, आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत बरा काळ सुरू झाला. माझ्यावर सात मुलुखांचे सदरे एकमेकांना खेटून वाळायचे. कपडे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांचे मालक सावलीत बसून राहायचे, आणि बसलेत तर भाजी निवडा, म्हणून ताई त्यांच्यापुढे परात सरकवायची. तिथे केस कापले जायचे, ते वाकडे कापले गेले म्हणून भांडणं व्हायची. पोरं एकमेकांना आपापली भाषा शिकवायची. आधी शिव्या, मग आकडे, मग 'मीठ दे'. ज्यांच्या देशांचं आपसात बोलणं बंद होतं असे दोघे होते. तेही कडाकडा भांडायचे, पण सीमेवरून नाही, चिमट्यांवरून.

त्यांच्यात एक उंच, लाजरा मुलगा होता. संख्याशास्त्र शिकायचा, म्हणून त्याचं नाव आकडे पडलं होतं. त्याच्या घरी नवे वडील आले होते, त्यांची दोन मुलं आली होती, आणि याची खोली गेली होती. तो कपडे पिळण्यात वस्ताद होता. चादर अशी पिळायचा, की बघणाऱ्याला चादरीची कीव यावी.

मग एक दिवस मॅडम आल्या. विद्यार्थी कल्याण अधिकारी. त्यांच्या हाताखाली अख्खा कक्ष होता आणि गळ्यात ओळखपत्र, पण विद्यार्थी त्यांना ओळखत नव्हते. मला बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"ही काय लक्तरं टांगलीत? परवा सौहार्द सोहळा आहे. बाहेरून मोठे पाहुणे येणार आहेत. आपल्या परिसरातली विविधता त्यांना दिसली पाहिजे. हे सगळं आधी काढा."

विविधता काढून घड्या घालून आत नेण्यात आली. मग मॅडमनी सगळ्यांना जिन्याखालच्या सभाखोलीत बसवलं. मलाही वेटोळं करून कोपऱ्यात टाकलं होतं.

"प्रत्येकाने पारंपरिक पोशाखात यायचं," मॅडम म्हणाल्या. "तू. तुमच्याकडे घरी काय घालतात?"

"पँट," आकडे म्हणाला.

"तसं नाही रे. पारंपरिक. पूर्वीचं. आजोबा काय घालायचे?"

"पँटच. जरा ढगळ असायची."

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. "बरं, नाच तरी येत असेल. तुमच्या मातीतला."

"नाही येत."

"असं कसं? प्रत्येक समाजाचा एक नाच असतोच. लाजू नकोस. उभा राहा."

बिचारा उभा राहिला. सगळे बघतायत, काहीतरी करणं भाग होतं. त्याने दोन्ही हात पुढे केले, हवेत काहीतरी पकडलं, कंबर वाकवली आणि पिळायला लागला. मग झटकलं. मग उलट्या बाजूने पिळलं. मग पाय आपटून पुन्हा झटकलं. मागे बसलेल्या पोरांनी माना खाली घातल्या, कारण हसू आवरत नव्हतं. ती चादर सगळ्यांच्या ओळखीची होती.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती अस्सल आहे हे. कापणीचा नाच का?"

"साधारण," आकडे म्हणाला.

सभा संपत आली तेव्हा, पर्स उचलता उचलता, मॅडमनी सांगितलं, "आणि हो, सोहळा झाला की दुसऱ्या दिवसापासून वसतिगृह बंद. रंगकाम आहे. सामान हलवून ठेवा."

 ताईने विचारलं, "कुठे हलवायचं?"

"घरी. सुट्टीच आहे ना?"

"घराचा रस्ता बंद आहे, मॅडम."

"मग नातेवाईक असतील. मित्र असतील."

"आहेत," ताई म्हणाली. "ते सगळे याच खोलीत बसलेत."

मॅडमना ते विनोदी वाटलं असावं. त्या हसल्या आणि निघून गेल्या. पोरं मात्र तशीच बसून राहिली. त्यांच्यात जवळच्या गावांची काही मुलंही होती, सुट्टीत छोटी-मोठी कामं करण्यासाठी थांबलेली. रंग त्यांच्याही खोल्यांना लागणार होता. कुणी म्हणालं, अर्ज करू. कुणी म्हणालं, गेल्या वर्षीच्या अर्जाला अजून उत्तर यायचंय. मग मला उचलून सामानघरात नेलं, त्यामुळे पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

सोहळ्याचा दिवस उगवला तोच तापलेला. मैदानावर एकच मंडप, तो पाहुण्यांसाठी. विद्यार्थ्यांसाठी ऊन. प्रमुख पाहुणे म्हणजे एक वयस्कर कारखानदार, लालबुंद, घामाघूम, सारखे भोजनकक्षाच्या दिशेने बघणारे. आधी प्राचार्य बोलले. "हा परिसर म्हणजे केवळ इमारती नव्हेत," ते म्हणाले. "हे तुमचं घर आहे. या घराचे दरवाजे तुमच्यासाठी सदैव उघडे आहेत." टाळ्या पडल्या. मग आकडेने चादर पिळली. प्रचंड टाळ्या पडल्या.

मग माझी पाळी. मॅडमनी दोन संघ केले होते आणि त्यांना नावं दिली होती: यजमान आणि पाहुणे. जवळच्या गावांची मुलं यजमान. बाकीचे पाहुणे. पाच वर्षं या परिसरात राहिलेली, इथल्या प्रत्येक झाडाची वाळवी नावानिशी ओळखणारी ताई, पाहुण्यांच्या रांगेत पहिली. सलोखा दाखवायचा म्हणून माणसांचे दोन भाग पाडायचे आणि एकमेकांना ओढायला लावायचं, ही कल्पना ज्या डोक्यातून निघते त्या डोक्याला मी मानतो.

पोरांनी मला उचललं. तळवे घामेजलेले, पकड घट्ट. मी सवयीने अंग ताठ केलं. शिट्टी वाजली.

कुणीच ओढलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली. दोन्हीकडचे तसेच उभे. हसत नव्हते, ओरडत नव्हते, मला सोडतही नव्हते. मंडपातल्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. लाल फडकं रेषेच्या बरोबर वर लोंबत राहिलं.

प्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले, "सर, त्यांना दोर खाली ठेवायला सांगा."

शिट्टी सरांनी पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात ठेवली. तिच्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. "नियमात दोर धरायचा असतो, सर," ते म्हणाले. "ओढायचं केव्हा, ते संघाने ठरवायचं."

"हे चालणार किती वेळ?" प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

"एक बाजू हरेपर्यंत," शिट्टी सर म्हणाले.

"आणि हरलीच नाही तर?"

"तर जेवण लांबेल."

प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले आणि उन्हात, थेट ताईसमोर येऊन उभे राहिले. "काय भानगड आहे, बाई?"

ताईचा आवाज बारीक थरथरत होता. तो थरथराट तिच्या हातांतून माझ्यात उतरला, आणि मला वाटतं, दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. "उद्या आम्हाला वसतिगृहातून काढतायत," ती म्हणाली. "रंग द्यायचाय म्हणून. आत्ता प्राचार्य सर म्हणाले, हे तुमचं घर आहे. घराला रंग देताना कुणी घरच्यांना रस्त्यावर नाही काढत. एकेक खोली रिकामी करतात."

पाहुण्यांनी विचार केला. "आमच्याकडे गेल्या वर्षी असंच केलं," ते म्हणाले. "महिनाभर मी स्वयंपाकघरात झोपलो." मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "करा की तसंच. एकेक मजला घ्या."

"तसंच ठरलंय, साहेब," प्राचार्य म्हणाले. ते तिथे, त्या क्षणी ठरलं होतं.

मग पोरांनी मला खाली ठेवलं. अगदी हळू, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं. आणि त्याच वेळी मॅडमनी माइक हातात घेतला. त्यांच्या हजरजबाबीपणाला तोड नाही. "मान्यवरहो," त्या म्हणाल्या, "आपण आत्ता पाहिलीत आमच्या कक्षाची अभिनव संकल्पना. ओढाताणीविना रस्सीखेच."

टाळ्या पडल्या. छायाचित्रकार धावत आला, आणि त्याने पोरांना मला पुन्हा एकदा उचलायला लावलं, कारण मघाशी त्याने फोटो काढला नव्हता.

रंगकाम एकेका मजल्याने झालं. पोरं दाटीवाटीने राहिली, भांडली, एकमेकांच्या घोरण्याला नावं ठेवली, आणि कुणी रस्त्यावर गेलं नाही. माझं मात्र नशीब फिरलं. ओढाताणीविना रस्सीखेच दरवर्षी व्हायला लागली. मॅडम पोरांना आदल्या दिवशी सराव देतात: धरा, थांबा, हसा, सोडा. कापणीचा नाचही होतो. आकडे शिकून गेला, पण मॅडमनी नव्या मुलांना तो तंतोतंत बसवून दिलाय आणि कुणी आधीच उलट्या बाजूने पिळलं तर त्या परंपरा बिघडली म्हणून रागावतात. या सगळ्यासाठी चकचकीत नायलॉनचा नवा दोर आणलाय. मला सन्मानाने पेटीत बसवलं. पाटीवर लिहिलंय: 'प्राचार्यांच्या प्रेरणेने व कल्याण कक्षाच्या संकल्पनेतून साकारलेल्या सौहार्दाचं प्रतीक.' ताईचं नाव कुठेच नाही.

ताई पदवी घेऊन निघाली त्या दिवशी इथे आली होती. तिने पाटी वाचली आणि इतकी हसली, की शिपाई पाणी घेऊन आला. मग काचेवर तळवा ठेवून जरा वेळ उभी राहिली. तिच्या गावचा रस्ता उघडला की नाही, मला कळलं नाही. प्राचार्यांच्या दालनाबाहेर तसल्या बातम्या येत नाहीत.

आज पुन्हा उन्हाळा आहे. समोरच्या बाकावर सकाळपासून पाच-सहा पोरं बसलीत. वेगवेगळ्या मुलुखांची, नव्या चेहऱ्यांची. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, की वसतिगृहाचं छत दुरुस्त करायचंय आणि आठवड्याभरात खोल्या सोडायच्यात. शिपाई त्यांना सांगतोय, "मॅडम बैठकीत आहेत. सौहार्द सोहळ्याची बैठक. लांबेल." त्यांच्यातली एक मुलगी उठून माझ्याजवळ आलीये. पाटी वाचतेय. अजून तरी "अच्छा" म्हणालेली नाही.

बाई गं, त्या पाटीवर विश्वास ठेवू नकोस. आणि एक ऐक. या पेटीला कुलूप नाही. मागच्या बाजूला चार स्क्रू आहेत, त्यातले दोन सैल. नाण्याने निघतात.