मेंदीच्या हातातली धमनी

चंद्रभागाबाईंना घरी सोडायचं की नाही, हे त्यांच्या धमनीतल्या रक्तावर ठरणार होतं. बेला गावात उद्या नातवाचं, हर्षदीपचं लग्न आणि आजी धाप लागून आदिलाबादच्या दवाखान्यात. तपासणीचं रक्त घ्यायला डॉक्टर मीनाक्षी आल्या आणि खाटेशीच थबकल्या. आजीच्या दोन्ही तळव्यांवर ओली मेंदी होती.

"हे कोणी केलं?"

"मी," नात मयूरी म्हणाली. "आजी लग्नात कोऱ्या हातानं बसन का?"

मनगटात दोन धमन्या असतात, मीनाक्षी सांगू लागल्या. अंगठ्याकडच्या धमनीत सुई घालायची, तर करंगळीकडची एकटी हाताला रक्त पुरवते का, ते आधी पाहायचं. मूठ आवळून दोन्ही दाबायच्या, मग मूठ उघडून करंगळीकडची सोडायची. पांढरा पडलेला तळवा लगेच लाल झाला, की सुई घालता येते.

"मूठ आवळली तं मेंदी पुसून जाईन," आजी म्हणाल्या.

"नाही आवळली तर घरी जाणं राहील."

आजींनी डावा हात पुढे केला. "धू वं, मयूरी. उजवा राहू दे, आहेर त्याच हातानं देतो."

मेंदी धुतली, पण तळवा नारिंगी झाला होता. मूठ आवळली तरी नारिंगी, सोडली तरी नारिंगी.

"मायाच हातानं घोळ झाला!" मयूरी रडकुंडीला आली.

मीनाक्षींनी मॉनिटरचा चिमटा आजीच्या अंगठ्याला लावला. पडद्यावर नाडीची लाट उठली. दोन्ही धमन्या दाबताच लाट सपाट झाली. करंगळीकडची सोडली आणि लाट पुन्हा उसळली.

"आली, आली!" मयूरी ओरडली.

त्यांनी मनगट आधी बधिर केलं, मग सुई घातली. लालभडक रक्त आपणहून सिरिंजमध्ये चढलं. हवेचा बुडबुडा काढून सिरिंज तपासणीला गेली. मीनाक्षी मात्र मनगट घट्ट दाबून बसल्या.

"सोड वं बाई. हात तुयाच घरी ठेवतं का?"

"रक्त पुरतं थांबल्याशिवाय नाही."

रिपोर्ट चांगला आला.

"जा लग्नाला. पण धुरात बसायचं नाही. होमापासून लांब."

"आमच्यात होम कायचा? बुद्धवंदना अन् मेणबत्त्या."

"आणि अगरबत्ती?"

आजींनी मयूरीकडे पाहिलं. मयूरीने खाली मान घातली. "मोठा पुडा आणलाय."

"हर्षदीपले फोन लाव," आजी म्हणाल्या. "त्याले सांग, मांडवात एकतं अगरबत्ती राहीन, नाईतं आजी."