पापडखाराचा डबा

विधी धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, पण तिचा जीव दिवसभर जळगावात अडकलेला. नवरा पारस दुकानात, मेहरूणच्या घरी चार वर्षांची जिनल आणि सासूबाई सूरजबाई, दोघीच. त्यात सूरजबाईंना दमा! पोरांचं प्रॅक्टिकल चालू असलं तरी हिचं अर्धं लक्ष ॲप्रनच्या खिशातल्या फोनकडे.

आणि तो वाजलाच.

"विधी, संडास धुवायचं ॲसिड सांडलं गं. मोरीतून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलंय. मी त्यावर कपड्यांचं ब्लीच ओततेय, चकाचक होईल."

"नाही! मम्मीजी, आधी ते खाली ठेवा!" विधी एवढ्यानं किंचाळली की सगळा वर्ग वळून बघायला लागला. "ॲसिडवर ब्लीच पडलं की विषारी वायू निघतो. ठेवलंत का?"

"ठेवलं बाई. ओरडतेस कशाला?"

"जिनलला घेऊन अंगणात जा. समोरच्या कमलबाईंना हाक मारा. त्यांना म्हणावं, चप्पल, रबरी मोजे घाला, खिडक्या उघडा. मग कडेपासून आतपर्यंत पापडखार टाका, त्यानं ॲसिड मरतं; फसफस थांबली की भरपूर पाणी. तुम्ही मात्र आत पाऊलही टाकायचं नाही."

"अगं, अख्ख्या वर्षाचा खार..."

"चुलीत गेले ते पापड!"

फोन बंद झाला. विधीनं पुन्हा लावला. नुसती रिंग. व्हरांड्यात येरझाऱ्या घालता घालता तिनं ॲसिडला शिव्या दिल्या, ते घरात आणणाऱ्या पारसला दिल्या, आपल्या नोकरीलाही दिल्या. शेवटी कुणीतरी उचलला.

"मम्मी, आजी आत गेली."

"आत? कशाला?"

"ॲसिडात मुंग्या मरतील ना, त्या काढायला. पूंजणी घेऊन."

झालं! ती मऊ झाडणी, देवघराशेजारी टांगलेली. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून सूरजबाई रोज तिनं हलकेच वाट झाडायच्या.

"जिनू, तू जागची हलू नको. कमलमावशीला हाक मार, जोरात!"

पोरगी ओरडली आणि फोन कुठंतरी पडला. विधी तशीच ॲप्रनवर स्टँडकडे पळाली. बसमध्ये बसली तेव्हा कुठं फोनवर कमलबाईंचा आवाज आला. "ताई, बठ्ठं ठीक शे. आजीला हात धरून ओढलं मी. खार टाकला, पाणी मारलं." तरी जळगाव येईपर्यंत विधीला चैन नव्हतं. मेली बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती.

सूरजबाई दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. मुठीत दम्याचा पंप, दोन बोटं ॲसिडानं लालभडक. त्यांना धडधाकट बघून विधीला रडू यायला हवं होतं, आला तो राग.

"मुंग्यांपायी मरायला निघाला होतात?"

"मुंगीला जीव नसतो का? तुझ्या पुस्तकात नसेल लिहिलं," सूरजबाई खोकत म्हणाल्या. माघार घेतील तर त्या सूरजबाई कसल्या!

"मी पण काढणार होते," जिनल मधेच म्हणाली. "आजीला खोकला आला ना, मग तिच्या मुंग्या राहिल्या. मावशीनं मला उंबऱ्यावरच पकडलं."

तिच्या पायात चप्पल नव्हती.

सूरजबाईंनी पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिचे तळवे पुन्हा पुन्हा उलटून बघायला लागल्या. विधीकडे त्यांनी मान वर करून पाहिलंच नाही.