पहिला नकार

नायमेखन या डच शहरातल्या एका बेसबॉल संघाने यंदा हरण्यात काही कसर ठेवली नव्हती. पावसाने रद्द झालेला सामनाच काय तो हरायचा राहिला. आणि अशा संघाचा मॅनेजर होता आपला यशोधन. दिवसा ऑफिसात चिपांची डिझाइनं करायची आणि संध्याकाळी खेळाडू गोळा करायचे, अंपायर शोधायचा, कोण कुणाच्या गाडीतून येणार ते ठरवायचं. पगार शून्य, हौस मात्र दांडगी.

मॅनेजर कोण हे क्लब दर वर्षी नव्याने ठरवतो. हंगाम संपल्यावर अध्यक्षबाई मारायके यांचा फोन आला. पुढच्या वर्षी राहणार का, असं त्यांनी सरळ विचारलं. यशोधनला अगदी आभाळ ठेंगणं झालं. पण आवडती जिलबी समोर आली तरी आधी ‘नको नको’ म्हणायचं, हे त्याच्या पुण्यातल्या घरचं वळण.

“छे, मी कसला? एवढे हरलो आपण. दुसरं कोणी चांगलं बघा,” तो म्हणाला आणि आग्रहाची वाट बघत बसला.

“बरं. स्पष्ट सांगितलंस, छान केलंस,” म्हणून बाईंनी फोन ठेवला. संध्याकाळी क्लबच्या वेबसाइटवर ‘मॅनेजर पाहिजे’ झळकलं, आणि दोन दिवसांत संघातल्याच कॅचरने, वाउटरने, नाव दिल्याचंही कळलं.

हे ऐकून त्याची बायको जयंती आधी पोट धरधरून हसली. मग नवऱ्याचा चेहरा बघून गप्प झाली.

“निदान एकदा तरी आग्रह करायचा की नाही माणसाने?” तो म्हणाला.

“त्यांना काय माहीत, तू पंगतीला बसलायस ते? क्लबच्या मीटिंगमध्ये जा आणि सांग, मला हवंय म्हणून.”

स्वतःच्या तोंडाने पद मागायचं म्हणजे यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. त्यातून मनात भलतीच भीती. त्यांना आपला नकारच हवा असला तर? हरणारा मॅनेजर कुणाला हवा असतो?

तरी तो गेला. जयंतीही बटाटेवड्यांचा डबा घेऊन सोबत आली. मॅनेजरचा विषय निघाला तसा तो उठला. कान लाल झाले होते.

“मला मॅनेजर राहायचंय,” तो म्हणाला. “फोनवर मी नाही म्हणालो, पण मनात हो होतं.”

बाईंना काही उलगडेना. हवं होतं तर नको का म्हणालास, असं त्यांनी विचारलं. यशोधनने डच भाषेत जमेल तसं सांगितलं, की आमच्याकडे पहिला नकार कुणी धरत नाही, दोन-तीनदा विचारतात. मग वाउटर वडा गिळून उभा राहिला.

“मी नाव दिलं, कारण दुसरं कोणीच देईना,” तो म्हणाला. “हा येण्याआधी संघाला लागणारे नऊ जणसुद्धा जमत नव्हते. आता हरायला तरी सगळे येतात. माझं नाव काढा.”

भराभर हात वर झाले. यशोधनचे डोळे भरून आले.

“मग यशोधन, राहणार?” बाईंनी रीतसर विचारलं.

आणि जन्माची खोड ती. त्याच्या तोंडून निघूनच गेलं, “अहो, पण मी कसला...”

मागच्या रांगेत जयंतीने कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी मात्र चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“राहणार?” त्यांनी पुन्हा विचारलं. आणि तो तोंड उघडायच्या आत तिसऱ्यांदा अख्ख्या हॉलने विचारलं, “राहणार?”

इतका पोटभर आग्रह त्याला पुण्यातसुद्धा कुणी केला नव्हता. तो हो म्हणाला.