क्लोदीनचा दुसरा अल्बम

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, थोडी वाकलेली तबकडी आहे. फ्रान्समधल्या बेतून गावातल्या एका कॅफेच्या माडीवर मी राहते. माझ्यावरची गाणी गायली आहेत क्लोदीनने. ती या कॅफेच्या मालकीणबाईंची, म्हणजे रेमोंदबाईंची, एकुलती एक मुलगी. मी तिचा दुसरा अल्बम.

कारखान्यात गरम, मऊ गोळा दोन साच्यांत दाबला आणि माझा जन्म झाला. माझी थोरली बहीण, म्हणजे पहिला अल्बम, तोवर घरोघर पोचली होती. तिच्यावर समुद्राची आणि नाचाची गाणी होती, सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली. रेमोंदबाईंनी तिला कॅफेत बाटल्यांच्या वर मांडून ठेवले होते. माझ्या वेळी मात्र क्लोदीनने हट्ट धरला, की गाणी मीच लिहिणार.

एका रविवारी ती मला स्वतः पॅरिसहून घेऊन आली. मायलेकी ऐकायला बसल्या. दुसऱ्या बाजूचे एक गाणे तिच्या वडिलांवर होते. पावसातल्या एका सकाळी ते घर सोडून जातात आणि आई दारापर्यंतही येत नाही, पेले पुसत राहते, असे ते गाणे. रेमोंदबाईंनी सुई उचलली.

"आपलं घर बाजारात मांडलंस," त्या म्हणाल्या.

"खोटं काय आहे त्यात?"

बाईंनी मला यंत्रावरून उतरवले. क्लोदीन जेवण न करताच पॅरिसला परतली. पुढे ती फक्त नववर्षाला फोन करी, तोही हवापाण्यापुरता.

मला कपाटात आडवे टाकले गेले. माझ्यावर वाफल भाजायचा जड लोखंडी साचा आला. त्या भाराने मी वाकले. खाली कॅफेत बहिणीचे कौतुक चाले, ते मला ऐकू येई. बाजारातही मी फारशी खपले नाही म्हणे. मला राग आला नाही, मित्रांनो, पण वाईट वाटायचे. ज्यांच्यासाठी आपण जन्मलो, त्यांनीच आपल्याला अर्धवट ऐकावे!

अशी बरीच वर्षे गेली. मग गास्तों नावाच्या म्हाताऱ्या खाणकामगाराची बायको वारली. तो कॅफेत रोज येणारा, पण कमी बोलणारा. दफन झाल्यावर काही दिवसांनी तो आला आणि कॉफी ढवळत म्हणाला, "मादाम रेमोंद, तुमच्या पोरीचं ते बापावरचं गाणं रेडिओवर लागलं ना, की आमची ही रडायची. म्हणायची, कुणाशी बोलेना म्हणून आपण रेमोंदला गर्विष्ठ समजलो. एकदा तरी जाऊन बसायला हवं होतं तिच्यापाशी."

सोमवारी कॅफे बंद असतो. त्या दिवशी बाईंनी साचा बाजूला केला, मला पुसले आणि लावले. सुई माझ्यावर होडीसारखी वरखाली होत होती. त्या बटाटे सोलत होत्या. ते गाणे आले तेव्हा सुरी थांबली. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, मग पुन्हा एकदा ऐकले. नंतर त्यांनी क्लोदीनला फोन लावला.

"त्या दिवशी पाऊस नव्हता," त्या म्हणाल्या. "लख्ख ऊन होतं. आणि मी सपाता घालून तुझ्या बापामागे बसथांब्यापर्यंत धावले होते. तू झोपली होतीस."

 पलीकडून क्लोदीनचा आवाज आला, माझ्यावरच्यापेक्षा जाडसर झालेला. "मला कधी सांगितलं का नाहीस, आई?"

"लाज वाटायची गं. सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. रविवारी ये, सगळं सांगते."

क्लोदीन आली. दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. मी तिथेच यंत्रावर होते, पण मला कुणी वाजवले नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचे काही वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारख्या तबकड्या असतील तर त्या उभ्या ठेवा, त्यांच्यावर ओझे टाकू नका. आणि घरातल्या कुणी तुमच्याबद्दल काही लिहिले, गायले, तर ते शेवटपर्यंत ऐका. चुकले असेल तर सांगा, भांडा हवे तर. पण त्याला कपाटात टाकू नका.